एकाच घरात दोन मस्टर

नमस्कार मॅडम,

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत १३ वर्षं आहे. पर्मनंट आहे आणि युनियनची कमिटी मेंबर आहे. माझे मिस्टर त्याच कंपनीत मोल्डिंगला आहेत, पण फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या ऑर्डरवर. चार महिन्यांनी त्यांची ऑर्डर संपते. आम्ही १३० पर्मनंट, सगळे एकाच युनियनचे. फिक्स्ड टर्मवाले १४०. ठेकेदाराची माणसं वेगळी. दिवाळीत कंपनीत दुसरी युनियन निघाली, तिच्याकडे फिक्स्ड टर्मचे साठ जण गेलेत. सुपरवायझर मिस्टरांना म्हणाला, त्यांचा फॉर्म भर, ऑर्डर वाढेल.

आमची युनियन नवीन लेबर कोडच्या विरोधात आहे. येत्या देशव्यापी संपाच्या दिवशी सगळ्यांनी सीएल (किरकोळ रजा) टाकायची असं कमिटीत ठरलंय. मिस्टर म्हणतात, कोडमध्ये माझ्यासारख्याचं भलं आहे, एका वर्षात ग्रॅच्युइटी आहे, तू कशाला विरोध करतेस? "तुमच्या करारात आम्ही कधी होतो? संपाच्या दिवशी तेवढे आठवतो." त्यावरून आठ दिवस अबोला आहे. मुलगी मधल्यामधे निरोप्या झालीय. व्हॉट्सअॅपवर एक जण म्हणतो कामगार गुलाम होणार, दुसरा म्हणतो सोन्याचे दिवस येणार. खरं कोणाचं? सुट्टी टाकू का? आणि घरात काय बोलू?

— एक वाचक, चाकण

ताई,

तुमच्या मिस्टरांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाक्य खरं आहे. तीन-तीन वर्षांचे करार होतात, पर्मनंट माणसाला वाढ मिळते, गेटवर पेढे वाटले जातात आणि शेजारच्या मशीनवर तेच काम करणारा पोरगा पेढा खाऊन परत मशीनवर उभा राहतो. मी कामगार न्यायालयात २८ वर्षं वकिली केली, जास्त करून युनियनच्या बाजूने. ही गोष्ट मी युनियनच्या ऑफिसात बसून पुढाऱ्यांना तोंडावर सांगितली आहे आणि तुम्हालाही सांगते. तुमच्या घरातला अबोला कायद्यामुळे आला असं मला वाटत नाही. तो त्या पेढ्यांपासूनचा आहे.

आता कायद्याकडे येते. लेबर कोड म्हणजे चार संहिता: वेतनाची २०१९ ची, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य या तीन २०२० च्या. जुने २९ कायदे त्यांच्यात विरघळवले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. यात मिस्टरांना काय मिळतं ते आधी बघू.

पहिलं म्हणजे नेमणूकपत्र. ते आता प्रत्येकाला द्यावंच लागतं. तुम्हा पर्मनंट लोकांना ही किरकोळ गोष्ट वाटेल, मला वाटत नाही. माझ्याकडे एक माणूस आला होता, एका कारखान्यात नऊ वर्षं पॅकिंगला. काढून टाकलं म्हणून आला. पुरावा काय, विचारलं तर शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गेटपास काढले आणि टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. दर सात महिन्यांनी नवा पास, दर पासवर ठेकेदाराचं वेगळं नाव. फोटो मात्र तोच, पहिल्या वर्षीचा, मिसरूड फुटलेला. कॅन्टीनची कुपनंही त्याने जपून ठेवली होती. मी ती केस हरले. त्याने नऊ वर्षं तिथे काम केलं हे कोर्टात शेवटपर्यंत उभं राहिलं नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या हातात नेमणूकपत्र द्या म्हणणाऱ्या कलमाला मी विरोध करणार नाही आणि कुठल्याही युनियनने करू नये.

दुसरं, ग्रॅच्युइटी. पूर्वी सलग पाच वर्षं भरावी लागत, म्हणून चौथ्या वर्षी ब्रेक द्यायची रीत पडली. आता फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षावर ती लागू होते. समजा मिस्टरांचा बेसिक आणि डीए मिळून १४,००० आहे. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून, हा हिशेब लावला तर एका वर्षाचे ८,०७७ रुपये होतात. चार महिन्यांनी ऑर्डर संपली तर हे पैसे हक्काने मागायचे, विसरायचे नाहीत. नोकरी सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही आता कायद्यात आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल दोन्हीकडचे व्हॉट्सअॅपवाले गप्प आहेत. संहिता म्हणते की फिक्स्ड टर्मवाल्याचे कामाचे तास, पगार, भत्ते आणि इतर फायदे तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम करणाऱ्या पर्मनंट कामगारापेक्षा कमी असता कामा नयेत. तुमच्या मोल्डिंग शॉपमध्ये पर्मनंट माणूस असेल, तर मिस्टरांची आणि त्याची पगारस्लिप शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसेल. तो फरक आता मागता येतो.

मागणार कोण, हा मात्र प्रश्न आहे. इथे मिस्टरांनी थोडं थांबून माझं ऐकावं. ज्याची ऑर्डर चार महिन्यांनी संपते, तो एचआरच्या केबिनमध्ये एकटा जाऊन म्हणेल का, "साहेब, मला त्याच्याएवढा पगार द्या"? म्हणाला, तर पाचव्या महिन्यात तो गेटच्या आत असेल का? आणि त्याला आत न घ्यायला कंपनीला कारण द्यावं लागत नाही. मुदत संपून काम थांबणं याला संहिता कपात, म्हणजे नोकरकपात, मानतच नाही. ती थेट त्या व्याख्येतून बाहेर काढली आहे. म्हणजे कपातीची भरपाई नाही, आणि कपात झालेल्या माणसासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार ज्या नव्या फंडात भरायचा, तो फंडही त्याच्यासाठी नाही. समान पगाराचा हक्क दिला आणि तो मागणाऱ्याला पायाखाली जमीन दिली नाही. असा हक्क एकट्याने वसूल होत नाही. त्याला युनियनच लागते.

माझा या संहितांवरचा खरा आक्षेप इथेच आहे. एकेकट्या कामगाराला त्यांनी कागदावर बरंच दिलं, आणि ते वसूल करायचं जे साधन, म्हणजे संघटना, तिचे हात आखडले. मिस्टर पहिला भाग वाचतायत, तुम्ही दुसरा वाचताय. तुम्हा दोघांचं वाचन चुकलेलं नाही, दोघांनी अर्धं अर्धं वाचलंय.

तर तुमचा भाग. तुमच्या कंपनीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, पर्मनंट आणि फिक्स्ड टर्म मिळून २७० कामगार. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ (तात्पुरतं घरी बसवणं), कपात किंवा टाळेबंदीसाठी सरकारची परवानगी लागायची. (लोक कारखाना कायमचा बंद करण्यालाही टाळेबंदी म्हणतात, इथे मला तेच म्हणायचंय.) आता हा आकडा ३०० आहे. म्हणजे कालपर्यंत तुमच्या १३ वर्षांच्या नोकरीपुढे सरकारी परवानगीचं एक दार होतं, ते निघालं. नोटीस, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, आधी शेवटी लागलेल्याला काढायचं हे राहिलं. परवानगी गेली.

सरकारची बाजूही सांगते. त्यांचं म्हणणं असं की १०० च्या भीतीने मालक कारखाना वाढवत नाही, ९० वर थांबतो किंवा ठेकेदाराकडून माणसं घेतो, शेवटी नुकसान कामगाराचंच होतं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, ९० वर थांबलेले कारखाने मीही पाहिले आहेत. राजस्थानने तर २०१४ मध्येच ३०० केले होते. आणि हेही खरं की १९७६ मध्ये ही परवानगीची तरतूद आली तेव्हा आकडा ३०० चाच होता, ऐंशीच्या दशकात तो १०० वर आणला. पण १९७६ च्या कारखान्यात ३०० माणसं जे काम करायची, ते आज रोबो आणि कन्व्हेयर धरून किती जण करतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ३०० हा आकडा आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कारखान्यांना बाहेर सोडतो.

स्थायी आदेशांचंही तेच झालं. देशात १०० ला आणि आपल्या महाराष्ट्रात ५० कामगारांना ते लागू व्हायचे, आता ३००. स्थायी आदेश म्हणजे काय, तर चार्जशीट दिल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय माणसाला हाकलायचं नाही, हे लिहून ठेवलेलं पुस्तक. टाइम ऑफिसबाहेरच्या बोर्डावर धूळ खात लटकलेलं असतं ते. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी सगळे ते शोधतात. तुमच्या कमिटीला माझा सल्ला आहे: पुढच्या करारात ती शिस्तभंगाची आणि चौकशीची कलमं जशीच्या तशी उतरवून घ्या. करार दोघांवर बंधनकारक असतो, मग संख्या २७० असो की १७०.

आता दुसऱ्या युनियनचा विषय. पत्रात तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

नव्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला, तीच एकमेव वाटाघाटी करणारी. कोणालाच ५१ मिळाले नाहीत, तर वाटाघाटी परिषद बसते आणि जिच्याकडे २० टक्के आहेत तिलाही त्यात खुर्ची मिळते. मस्टरवर फिक्स्ड टर्मवालेही मोजले जातात. करा हिशेब. २७० मध्ये तुमचे १३०, म्हणजे ४८ टक्के. दुसरीचे ६०, म्हणजे २२ टक्के. तुम्हाला १३८ लागतात. तुम्ही आठ माणसांनी कमी आहात, ताई. इतकी वर्षं ज्यांना फॉर्म दिला नाही त्यांच्यातली आठ. आणि त्या आठातला एक तुमच्या घरात, तुमच्याशी न बोलता, पाठ करून झोपतो.

सुपरवायझर फॉर्म घेऊन का फिरतोय ते यावरून कळेल. "त्यांचा फॉर्म भर, ऑर्डर वाढेल" हे बोलणं गुन्ह्यासारखंच आहे. मालकाने एखाद्या युनियनला पाठबळ देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही आहे (कोर्टात आम्ही त्याला नुसतं "एमआरटीयू" म्हणतो) आणि नव्या संहितेच्या परिशिष्टातही आहे. वर्षानुवर्षं माणसाला टेंपररीच ठेवायचं, पर्मनंटचे फायदे बुडवायला, हीसुद्धा अनुचित प्रथाच. १९७१ चा कायदा राज्याचा आहे, केंद्राने रद्द केलेल्या २९ मध्ये तो नाही. दोन्ही कायदे जिथे एकमेकांशी भिडतील तिथे केंद्राचा वरचढ ठरायचा धोका असतो, पण मालकाने युनियन पाळू नये यावर दोघांचं एकमत आहे. मिस्टरांनी त्या बोलण्याची तारीख, वेळ, शिफ्ट आणि कोण हजर होतं हे वहीत लिहून ठेवावं. आजच. आठवड्याने लिहिलेलं कोर्टात पातळ होतं.

मान्यता कोणाला या प्रश्नाने काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. माणसं डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे होती, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. सरकार आणि मालक म्हणत, बोलू तर मान्यताप्राप्त संघटनेशीच. बोनस-पगाराइतकीच मोठी मागणी होती ती हा कायदा रद्द करण्याची. आमच्या चाळीत पहिले दोन महिने सण असल्यासारखे गेले. मग वाण्याने वही बंद केली. आईने पहाटे चारला उठून खानावळीच्या पोळ्या लाटायला घेतल्या. स्टोव्हचा तो भर्र आवाज आजही कानात आहे, आणि वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले, झोपेचं सोंग घेऊन. पावसाळ्याच्या तोंडाला ते आम्हाला घेऊन गावी रत्नागिरीला गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. वडील म्हणायचे, आम्ही अडीच लाख होतो पण कायद्याच्या वहीत आम्ही नव्हतोच. तुमच्याकडे उलटं होऊ शकतं: ज्यांच्यामागे कोणी नाही अशांना खुर्ची मिळेल, कारण ज्यांना तुम्ही सोबत घ्यायचं होतं त्यांना त्यांनी आधी घेतलं.

आता सीएलचा प्रश्न. स्पष्ट सांगते: जसं ठरलंय तसं टाकू नका.

५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तो संपच, असं संहितेच्या व्याख्येत आता लिहिलंय. कमिटीतला कोणीतरी हुशार म्हणेल की आपण १३० म्हणजे ४८ टक्के, व्याख्येत बसत नाही. त्यावर विसंबू नका. ठरवून सगळ्यांनी काम नाकारणं हे तसंही संपाच्या मूळ व्याख्येत आहेच. संपाला आधी नोटीस हवी, नोटिशीनंतर १४ दिवस थांबणं हवं. समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. महाराष्ट्रातल्या युनियनना नोटिशीची सवय १९७१ च्या कायद्यापासून आहे, आपल्याकडे ती नवी नाही. पण शिक्षा बघा. जुन्या केंद्रीय कायद्यातही बेकायदा संपाला महिन्यापर्यंत कैद होती, पण दंड होता फार तर ५० रुपये. आता कामगाराला १,००० ते १०,००० रुपये किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि जो चिथावणी देतो त्याला १०,००० ते ५०,०००. कमिटी मेंबरला "चिथावणी देणारा" ठरवायला फार कष्ट पडत नाहीत. तुमचं नाव ठरावावर असणार.

म्हणून कमिटीत एकच प्रश्न विचारा: आपल्या कंपनीला, आपल्या युनियनच्या लेटरहेडवर, मुदतीत नोटीस गेली आहे का? केंद्रीय संघटनांनी दिल्लीत दिलेल्या नोटिशीची झेरॉक्स म्हणजे तुमची नोटीस नव्हे. गेली असेल आणि सभेत मतदान झालं असेल, तर उघड संप करा, सुट्टीचा पडदा कशाला? गेली नसेल तर त्या दिवशी काळ्या फिती लावून काम करा, शिफ्ट सुटल्यावर गेट मीटिंग घ्या, मोर्च्याला सेकंड शिफ्टवाल्यांनी सकाळी जा. कमी वाटेल, पण नोकरी शाबूत ठेवून केलेला निषेधही निषेधच असतो.

संप हा गुन्हा का ठरवावा, यावर महाराष्ट्रात फार जुनं भांडण आहे. १९३८ मध्ये मुंबई इलाख्याच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणलं. सक्तीचा समेट, मधल्या काळात संप बेकायदा, मोडणाऱ्याला तुरुंग. ओळखीचं वाटतं ना? डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की काम सोडणं फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा होऊ शकत नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणं ही गुलामी आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. ज्यांचं एरवी पटत नव्हतं ते त्या दिवशी एका व्यासपीठावर होते. विधेयक तरीही मंजूर झालं. त्याच्याच जागी पुढे १९४६ चा कायदा आला, आणि ८२ ला माझ्या वडिलांच्या आड आला तो तोच. तुमच्या युनियनचा विरोध हा या रेघेवरचा आहे. मला तो मनापासून योग्य वाटतो. मात्र तो व्हॉट्सअॅपच्या भाषेत करू नका, कलम दाखवून करा.

व्हॉट्सअॅपबद्दल एवढंच. "हातात येणारा पगार निम्मा होणार" हे खोटं आहे. नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवता येत नाहीत. समजा तुमचा एकूण पगार ३८,००० आणि बेसिक-डीए १४,०००. आता हिशेबाला १९,००० धरावे लागतील. पीएफ कंपनी १५,००० च्या मर्यादेपर्यंतच कापत असेल, तर १,६८० चे १,८०० होतील, महिन्याला १२० रुपये कमी हातात येतील. उलट १३ वर्षांची ग्रॅच्युइटी १,०५,००० होती ती १,४२,५०० होते. ही चांगली गोष्ट आहे. कबूल करा, मिस्टरांसमोर कबूल करा. सरकारच्या कायद्यातलं एक कलम चांगलं म्हटल्याने कोणी त्या पक्षाचं होत नाही.

आणि "सगळ्यांशी बोलून केलं" हेही खरं नाही. तीन संहिता २२ आणि २३ सप्टेंबर २०२० ला संसदेत मंजूर झाल्या तेव्हा बहुतेक विरोधी बाकं बहिष्कारामुळे रिकामी होती. सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसतात ती भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर भरलेली नाही. दहा केंद्रीय संघटना चारही संहितांच्या विरोधात आहेत. भारतीय मजदूर संघ त्यांच्यात नाही, त्याने वेतन आणि सामाजिक सुरक्षेचं स्वागत केलं, पण बाकीच्या दोघींबद्दल त्याच्याही हरकती आहेत. म्हणजे सत्तेच्या जवळच्या संघटनेलाही औद्योगिक संबंध संहिता जशीच्या तशी पचलेली नाही. हे मिस्टरांना जरूर सांगा, त्यांना ते पटायला सोपं जाईल.

आता घर. मिस्टरांची समजूत काढायला जाऊ नका. तुम्ही कमिटी मेंबर म्हणून बोललात की ते फिक्स्ड टर्मवाला म्हणून उत्तर देतात, आणि मग जेवणाच्या ताटावर दोन मस्टर उघडली जातात. मुलीला यातून आधी बाहेर काढा. तिच्याकरवी एकही निरोप नको, अगदी "पप्पांना म्हणावं भाजी संपली" हासुद्धा नको. रविवारी दोघांच्या पगारस्लिपा आणि त्यांची ऑर्डर टेबलावर ठेवा. म्हणा, "तुमचं बरोबर होतं. आमच्या करारात तुम्ही नव्हता. आता तुम्हाला काय हवंय ते तुम्ही लिहा, मी कमिटीत ठेवते." आणि खरंच ठेवा. त्यांच्या अक्षरातला कागद कमिटीत वाचून दाखवा.

कमिटीत तुम्हाला विरोध होईल. जुने लोक म्हणतील, फिक्स्ड टर्मवाल्यांना घेतलं तर आपल्या वाढीचे पैसे वाटले जातील. त्यांना आठचा आकडा सांगा. मग ठराव मांडा: फिक्स्ड टर्मवाल्यांना सभासदत्व खुलं, वर्गणी त्यांच्या पगाराला झेपेल एवढी, कमिटीत त्यांची निदान दोन माणसं, आणि पुढच्या मागणीपत्रात पहिली मागणी समान कामाला समान पगार, दुसरी जुन्या फिक्स्ड टर्मवाल्यांना पर्मनंट करताना प्राधान्य. तुमची वाढ तिसऱ्या नंबरवर गेली तरी चालेल. तक्रार निवारण समितीही मागा. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे ती सक्तीची आहे, मालक आणि कामगार निम्मे निम्मे, आणि बायकांना त्यांच्या प्रमाणात जागा. तुमच्या हार्नेस (वायरिंग) लाइनवर बायकाच जास्त असतील, तर तिथे तुमचा आवाज आहे.

मिस्टरांनी तुमच्याच युनियनचा फॉर्म भरावा असा आग्रह मात्र धरू नका. ऑर्डरला चार महिने राहिलेत आणि जोखीम त्यांची आहे, तुमची नाही. तुम्ही पर्मनंट आहात म्हणून तुम्हाला भीती कमी वाटते. त्यांनी दुसऱ्या युनियनचा फॉर्म भरला नाही तरी पुरे आहे. ठराव पास झाला आणि दहा-पंधरा जण एकदम यायला तयार झाले, तर त्यांच्यासोबत तेही येतील, एकटे नाही. पंधरा जणांची ऑर्डर एकाच वेळी थांबवली तर ते कोर्टात दिसतं. एकाची थांबवली तर दिसत नाही.

ऑर्डर वाढली नाही तर शेवटच्या दिवशी सही करताना "सर्व हिशेब मिळाला" यावर डोळे झाकून सही नको. ग्रॅच्युइटीचा आकडा लिहिलेला असेल तरच. नसेल तर सहीखाली "ग्रॅच्युइटी बाकी" असं स्वतःच्या हाताने लिहायचं आणि त्याचा फोटो काढायचा. नेमणूकपत्र, सगळ्या पगारस्लिपा, गेटपास यांच्या झेरॉक्स आत्ताच काढा आणि घरी कपाटात ठेवा, कंपनीच्या लॉकरमध्ये नको.